खिंडीतला मिठवाला

वाटेत मेलेल्या जातभाईला मूठमाती दिल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, हा चोसनमधल्या, म्हणजे जुन्या कोरियातल्या, फेरीवाल्यांच्या संघाचा कायदाच होता. म्हणून खिंडीत मरून पडलेल्या अनोळखी मिठवाल्याला मानसू आणि थोरल्या दोक्पेने सकाळीच पुरलं.

दुपारी पुढच्या वळणावर तोच आडवा पडला होता. टोपीवरचे कापसाचे गोंडे तेच. तोंडावर माती त्यांनीच लोटलेली.

"दादा, वळसा घालून सटकू या."

"उद्या तू असा पडलास तर? कोल्ह्यांनी ओढायचं तुला? मुकाट्यानं खण."

त्यांनी पुन्हा पुरलं. वर दगड रचले.

ऊन कलताना मानसू पुढच्या वळणावर आला. मागे दोक्पेची काठी टकटकत होती.

या खेपेला मिठवाला उभा होता. हात मातीने भरलेले, शेजारी ताजा खड्डा.

मागची टकटक थांबली.