धुक्यातलं बोलणं

कृष्णेवर धुकं इतकं दाट होतं, की पाठीवर तरंगणाऱ्या सुकुमार मगदूमांना अंगाखाली पाणी आहे की ढग, तेच कळेना. रोज पहाटे पोहायला येणारे बाकीचे म्हातारे त्या धुक्यात विरघळून गेले होते. जवळ होता तो शाळेपासूनचा मित्र धोंडीराम, पण त्याचाही नुसता आवाजच येत होता.

"एवढे दिवस पुण्याला मुलाकडं होतो म्हणालो ना, तिथं उपचार चालले होते," धोंडीराम म्हणाला. "प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्रास काहीच नव्हता रे. सुनेनं हट्टानं रक्त तपासायला लावलं, म्हणून वेळेवर कळलं."

वर्षभर मगदूम लघवीला ताटकळत उभे राहत होते, आणि बायकोनं विचारलं की 'वय झालं' म्हणत विषय बदलत होते. समोर चेहरा असता तर आताही त्यांनी तेच केलं असतं. पण इथं लाजायचं कुणाला?

"मला मात्र लघवीचा त्रास आहे," ते म्हणाले, आणि अंग पाण्यावर आणखी हलकं झालं.

"मग आज जाऊ डॉक्टरांकडं. मी येतो संगं."

तपासणीत त्यांनाही कॅन्सरची गाठ सापडली, पण अजून लहान होती. उपचार झाले, मगदूम बरे झाले.

उन्हाळ्यात भरलेल्या घाटावर, लख्ख उजेडात, त्यांनी सगळ्यांना ही हकिगत सांगितली. मग पाण्यातून एकानं हळूच विचारलं, "कुठं करतात ती तपासणी?"