पद्माबाईचे डोळे

“म्हातारीला काय कळून राहिलं? सुनेच्या डोळ्यायचं काय लोणचं घालती का?” जळबाचा चुलता शेजाऱ्याच्या कानाशी कुरकुरला.

त्र्याहत्तर साली कुरुंद्यात नेत्रशिबिर भरलं होतं. मेल्यावर डोळे द्यायच्या कागदावर जळबाच्या बायकोनं, पद्माबाईनं, हौसेनं अंगठा उठवला. शिबिर उठायच्या आतच ती तापानं गेली असं कळलं, तसे डॉक्टर धावत आले. जळबा दानशूरासारखा उभा होता. “केवढं मन या माणसाचं,” असं लोक म्हणाले, की तो रुमालानं डोळे टिपायचा आणि बायकोचा पदर तिच्या गळ्यापाशी पुन्हा नीट करायचा. आडवी आली ती फक्त त्याची आई, जनकाबाई. सुनेच्या उशाशी बसून ती कोणाला हात लावू देईना. बायका तिला अडाणी म्हणाल्या, सरपंचांनी तिच्यापुढं हात जोडले.

डॉक्टरांनी समजावलं, “आजी, मरण आजारानं आलेलं असलं तरच आम्ही डोळे घेतो. संशय असला तर कायद्यानं आधी पोलीस बोलवावे लागतात. इथं तर तापच होता ना?”

“व्हय साहेब, तापच व्हता,” पाच-सहा जण एकदम बोलले.



जनकाबाईनं सुनेच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला. “मंग पोलीसच बलवा, साहेब. ताप न्हाई, माझ्या पोरानं हिचा गळा दाबलाय. अन् हे इथं समद्यायला ठाव हाय.”