कुंपणातली फट

“हट्! हट् म्हणतो ना! सूनबाई, आली बघ तुझी बाईसाहेब!”

म्हातारा सुतार परसातल्या खुर्चीवर बसून ओरडत होता. शेजारच्या इस्त्रीवालीची शेळी कुंपणाच्या फटीतून आत शिरली होती आणि कोबीच्या वाफ्यात उभी राहून, पंगतीला बसल्यासारखी निवांत खात होती. ओरडणं ऐकून तिने एकदा मान वर केली, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड खाली घातलं.

“दोरी ओढा, बाबा,” सून आतून म्हणाली. “माझे हात पिठात आहेत.”

दोरीची युक्ती सुनेचीच. वाफ्यांवरून आडवी दोरी नेऊन तिने तिला पत्र्याचे डबे बांधले होते, डब्यांत खडे. दोरीचं टोक एका खांबावरून म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी आणलं होतं. जोरात ओढली की असा खडखडाट व्हायचा की शेळीच काय, झाडावरचे कावळेही उडायचे. त्याआधी म्हाताऱ्याने खुर्चीखाली दगड जमवले होते. सुनेने ते सगळे उचलून नेले. “मुकं जनावर आहे ते. आवाज केला तर जाईल. मारायचं नाही.”

युक्ती चांगली होती, पण दोरी होती उजव्या हाताला. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून म्हाताऱ्याचा उजवा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून होता. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला; हात मात्र हटून बसला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. “मी काय तान्हं बाळ आहे?” म्हणून त्याने तो भिरकावला. हत्यारांची पेटी कुणालातरी देऊन टाका, असंही सांगून झालं. ज्या हातावर जन्मभर घर चाललं तो गेला, मग आता पेटी कशाला?

खुर्ची फिरवावी तर वाफे पाठीशी जायचे. डावा हात आडवा घालून दोरी ओढावी तर डबे नुसते कुजबुजायचे.

“दोरी डावीकडच्या भिंतीवरून घ्यायला काय झालं होतं?”

“तिथं खिळा टिकत नाही, बाबा. भिंत भुसभुशीत आहे.”

“जन्म गेला माझा खिळे ठोकण्यात, आणि ही मला भिंत शिकवते!”

मुलाला सांगावं तर त्याची आणखी तऱ्हा. “अरे, ती मोडकी फळी तरी बदल. सुताराच्या घराच्या कुंपणाला फट! लोक तोंडावर हसतील.”

“रविवारी बघतो, बाबा.” आणि रविवारी त्याला नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

एके दुपारी बाईसाहेबांनी हद्द केली. कडेची पानं सोडून ती थेट मधल्या, सगळ्यांत भरलेल्या गड्ड्यापाशी गेली. सुनेने पाणी घालून घालून वाढवलेला तो कोबी. म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर तिने त्याचा पहिला घास घेतला आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. रागाच्या भरात आपण कोणता हात उचलतोय याचंही त्याला भान राहिलं नाही. उजवा हात खांद्यातून हलला, कोपर दोरीत अडकलं आणि सगळे डबे एकदम कडाडले. शेळीने चारी पाय उचलून उडी मारली आणि फटीतून पसार झाली.

म्हातारा आधी दचकला. मग आपल्या कोपराकडे बघत पोट धरून हसला.

त्या दिवसापासून रोजची लढाई सुरू झाली. शेळी यायच्या आधीच म्हातारा सावरून बसू लागला. आधी कोपराने, मग मनगटाला वेढा देऊन, मग दोन बोटांत धरून तो दोरी ओढू लागला. घरात कुणी त्याचा बोभाटा केला नाही. फक्त जेवताना सून त्याचा चमचा मुकाट्याने ताटाच्या उजवीकडे ठेवू लागली.

आणि आज सकाळी म्हाताऱ्याने पेटी मागितली. पेटी घरातच होती. हातोडा उजव्या हातात घेतला; आधी निसटला, मग ठरला. “आज ती फट बुजवतोच,” म्हणत तो कुंपणापाशी स्टुलावर जाऊन बसला. नवी फळी घेऊन सून मागोमाग आली.

त्याने जुन्या फळीचे खिळे उपटले आणि उरलेला तुकडा उजेडात धरला. सवयीने अंगठा कडेवरून फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

जनावराच्या शिंगाने फळी मोडली तर तिच्या चिरफळ्या निघतात. इथे चिरफळ्या नव्हत्या. कडेवर करवतीच्या दातांचे ओरखडे होते. काप वेडावाकडा, जागोजाग घसरलेला. ज्याने उभ्या आयुष्यात करवत हातात घेतली नाही, अशा माणसाचा. आणि तो सुरू झाला होता आतून, घराच्या बाजूने.

म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

“करवत तिरकी धरली होतीस,” तो म्हणाला.

सुनेने हातातली फळी सावरली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही झोपला होतात, बाबा. आवाज होऊ द्यायचा नव्हता.”

भुसभुशीत भिंत, कधीच न उजाडणारा रविवार, सगळं म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. आपल्या हाताने वाढवलेला कोबी या पोरीने रोज शेळीपुढे घातला होता. त्याने सुनेच्या हातातली नवी फळी घेतली आणि न ठोकता कुंपणाला टेकवून ठेवली. मग उजवा हात तिच्यापुढे धरून त्याने मूठ वळून दाखवली. एकेक बोट आत गेलं. शेवटचं तेवढं बाहेर राहिलं.

“करंगळी अजून मिटत नाही बघ,” डोळे पुसत म्हातारा म्हणाला. “राहू दे ती फट. बाईसाहेबांची यायची वेळ झाली.”