माफीचा अर्थ

“राष्ट्रप्रमुखांच्या माफीने तुरुंग संपला. पण गेलेली आमदारकी परत येते का, एवढाच प्रश्न आहे,” न्यायाधीश म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

शिंपीण मागे भिंतीला टेकून उभी होती. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. “खटला खुर्चीचा, आणि आपण मात्र उभे,” शेजारचा हमाल कुजबुजला. तिला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं.

संपात गोदाम जळलं होतं. त्यासाठी आज समोर बसलेला हमालांचा आमदार पुढारी आणि तिचा नवरा, दोघांना एकाच निकालात शिक्षा झाली. दोघांनी शेवटपर्यंत गुन्हा नाकारला. तुरुंगात गेलेल्याची आमदारकी जाते, असं राज्यघटनेत होतं, तशी पुढाऱ्याची गेली. पुढे माफी मिळाली ती त्याला एकट्याला. सुटल्यावर तो आधी तिच्याच घरी आला. शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसून म्हणाला, “वहिनी, खुर्ची परत मिळू दे, त्याला बाहेर काढतोच. त्याच्या अपिलात मी स्वतः साक्ष देतो. माझ्यावर सोडा.”

तिने सोडलं होतं. नवऱ्याचं अपील तोंडावर आलं तरी ती निर्धास्त होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “घटनेचा अर्थ आम्ही असा लावतो. माफीने अपात्रताही पुसली जाते. पण माफी गुन्ह्याला असते. जो गुन्हाच नाकारतो, त्याला माफी कशाची? तेव्हा निकालात आहे तसा, पूर्ण गुन्हा तुम्हाला मान्य आहे का?”

पुढारी उठला. त्याने एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं. लगेच नजर खाली घेतली.

“मान्य आहे. आग आम्ही दोघांनी लावली.”

“मग आमदारकी परत,” न्यायाधीश म्हणाले.

टाळ्या पडल्या. शिपाई दटावत राहिला, कोणी ऐकेना. हमालाने तिच्याकडे वळून पाहिलं. “ताई, जिंकलो की आपण. असा चेहरा का केलाय?”

“गोदाम पेटलं तेव्हा दोघं माझ्या घरी जेवत होते,” ती म्हणाली. “मीच वाढत होते.”