खिडकीजवळची खाट

"माझं माणूस आत आहे, सिस्टर. मला सोडा." आजोबा वॉर्डच्या दारातच अडून राहिले.

"कुणालाही सोडणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्ड बंद आहे."

आत उलट्या-जुलाबांनी धुमाकूळ घातला होता. एका रुग्णापासून सुरुवात झाली आणि बघता बघता निम्मा वॉर्ड आडवा झाला. वॉर्डच्या नेहमीच्या सिस्टरही आजारी पडून घरी गेल्या. म्हणून संसर्ग आवरण्याचं काम बघणाऱ्या या सिस्टरना त्या सकाळी इथे धाडलं होतं. आल्या आल्या त्यांनी नवे रुग्ण घेणं थांबवलं, भेटायला येणाऱ्यांना मनाई केली आणि नळ, कड्या, खाटांचे कठडे ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्यायला लावले.

आजोबांनी दाराशेजारच्या जेलच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "हे हाताला चोळून आलो तर?"

"हा विषाणू त्या जेलला भीक घालत नाही, आजोबा. त्याला साबण आणि पाणीच लागतं. आणि तुम्हीच आडवे झालात तर तुमच्या माणसाला कोण बघणार? कोणती खाट?"

"खिडकीजवळची."

"मग बागेतून जा आणि काचेतून बघा."

आजोबा धुसफुसत गेले. खिडकीतून आत डोकावले आणि थबकलेच. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. खाटेवरच्या आजी पार सुकून गेल्या होत्या. आतून बघणाऱ्या सिस्टरना वाटलं, आपल्या माणसाला असं बघणं कुठे सोपं असतं?

तेवढ्यात आजींनी हात उचलून हलवला. जरा उशिराने आजोबांनीही हलवला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. "त्या कशा आहेत?"

या वयातही बायकोबद्दल किती आदराने बोलतात, सिस्टरना कौतुक वाटलं. "खरं सांगू? पाणीच घेत नाहीत. घोटभर पितात आणि तोंड फिरवतात. असंच चाललं तर मूत्रपिंडावर येईल. डॉक्टर काळजीत आहेत."

आजोबा तडक वळले. थोड्या वेळाने खिडकीबाहेर उभे राहिले ते हातात पाण्याने भरलेला ग्लास घेऊन. तो उंच धरला, एक घोट घेतला आणि आजींना खुणावलं : आता तुमची पाळी.

आजींना हसू फुटलं. सिस्टरनी झटकन मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं. बाहेर एक घोट, आत एक घोट. समोरच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर ओरडले, "अहो, मलाही घ्या की खेळात!" मग सगळ्या वॉर्डाने ग्लास उचलले.

हा रोजचाच खेळ झाला. एकदा आजोबा इतकं पाणी प्यायले की डाव अर्धवट टाकून त्यांना पळत सुटावं लागलं. वॉर्ड पोट धरून हसला. "हसवू नका हो, आधीच पोट दुखतंय!" मास्तर विव्हळले.

आजींची तब्येत सुधारली. सकाळी उठल्यापासून केस विंचरून बसायच्या आणि विचारायच्या, "ते आले का?"

सिस्टर मात्र तसूभर हलल्या नाहीत. सफाईवाल्या मावशी बरं वाटताच कामावर आल्या, तर त्यांनाही परत पाठवलं. "उलट्या थांबून दोन दिवस तरी होऊ देत." आजोबांनी रोज विनवलं, सिस्टरनी रोज बाहेरची वाट दाखवली.

हळूहळू नव्याने कुणी आजारी पडेनासं झालं. पडदे बदलले, गाद्या पुसल्या, सगळा वॉर्ड धुऊन काढला. आणि एका लख्ख सकाळी सिस्टरनी स्वतःच्या हाताने दार उघडलं.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग दारातच घुटमळले.

"जा की! आता कसली लाज?" सिस्टरनी त्यांना हलकेच पुढे ढकललं. वॉर्डाने टाळ्यांचा कडकडाट केला. आजींचे गाल लाल झाले होते.

आजोबा खाटेपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. त्या दिवशी मी खरं तर माझ्या मित्राला भेटायला आलो होतो. तो आदल्याच दिवशी घरी गेला होता, आणि त्याच्या खाटेवर तुम्ही होतात. आपलं नाव काय?"