नमुन्याची डबी

डॉक्टरीणबाईंनी डबीचं झाकण उघडलं आणि आत केस निघाले. कसेबसे कोंबलेले नव्हेत. विंचरलेले, एका लांबीचे, मधोमध काळ्या दोऱ्याने बांधलेले. वीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलेला न्हावी, तो नमुना देणार तर नीटनेटकाच.

"आज सकाळचेच आहेत," तो म्हणाला. "तुम्ही ताजा आणा म्हणाला होतात."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. न्हाव्याच्या आईने मात्र कपाळावर हात मारला. परवा डबी देताना बाईंनी शौचाचा नमुना सांगितला होता, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण पोटाचं नाव निघताच लेकाने कान मिटून घेतले असणार. केस हा त्याचा प्रांत, तिथे पोटाचं काय काम?

"अरे शहाण्या, शी मागितली होती. पोरीची."

पोर दहा वर्षांची. कपाळापर्यंत रुमाल बांधून कोपऱ्यात बसली होती. दोन महिने तिचे केस मुठीमुठीने गळत होते. बापाने तेलं लावून झाली, लेप थापून झाले. आता वस्तरा राहिला होता. उद्या दुकानाला सुट्टी, उद्याच गुळगुळीत करायचं, म्हणजे दाट येतात, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून ती कोणाशी बोलली नव्हती. आता आजीचं ऐकून तिला खुदकन हसू आलं. कोणी सांगायच्या आत तिने दुसरी डबी उचलली आणि मागच्या दाराने गेली.

बाईंनी तोवर न्हाव्याला समजावलं. पोरीच्या पोटात जंत असावेत. जंत काही केस खात नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि रक्त आटलं की शरीर पहिलं रेशन तोडतं ते केसांचं. केस गळायला सतरा कारणं असतात, पण या पोरीच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक आहेत, तेव्हा आधी पोट बघू. न्हावी म्हणाला, मी हजारो डोकी पाहिली आहेत. आई म्हणाली, पाहिलीस, पण वरून.

पोर परत आल्यावर तिच्या बोटातून रक्ताचा थेंबही घेतला. तासाभराने तपासणीचा कागद आला. जंतांची अंडी सापडली होती, रक्तही कमी भरलं होतं.

न्हावी कागद घेऊन बाहेरच्या बाकांवर बसलेल्या एकूण एक माणसाला सांगत सुटला की आमच्या पोरीला जंत निघाले, जशी काही पोर वर्गात पहिली आली. अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याने त्याचं अभिनंदनसुद्धा केलं.

बाईंनी घरातल्या सगळ्यांना जंतांची गोळी लिहून दिली, पोरीला तीन महिने लोहाचं औषध. नवे केस दिसायलाही तेवढा वेळ लागेल, नाही दिसले तर परत या म्हणाल्या. आणि मातीत अनवाणी फिरणं बंद, हे जंत तळपायातून शिरतात.

"आणि वस्तरा?" पोरीने विचारलं.

"तो बाबांच्या गिऱ्हाइकांना."

पायरीशी आल्यावर न्हाव्याने लेकीचे पाय पाहिले. दोन महिने तो नुसतं डोकंच बघत होता. टाचांना चिखल, बोटांच्या बेचक्यांत माती. तो खाली बसला आणि त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. आई म्हणाली, घोडी झाली आहे ती, उतरव, लोक बघतायत. तो म्हणाला, चपलांचं दुकान येईपर्यंत हिचा पाय जमिनीला लागणार नाही.

थोडं पुढे गेल्यावर वरून आवाज आला.

"बाबा, तुमचं इथे मधोमध चकाकतंय. तुम्हाला पण जंत आहेत वाटतं."

आई भर रस्त्यात पोट धरून हसायला लागली. न्हावी टाळू चाचपायला गेला, पण त्याच्या दोन्ही हातांत पोरीचे पाय होते. ते त्याने सोडले नाहीत.