आईने वेचलेले शिंपले

मृण्मयीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला तिसरा मासाही मेला, तेव्हा तिने वेंगुर्ल्याला बाबांना फोन केला. मासे पाळायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

"फिल्टर कशात धुतेस?" त्यांनी विचारलं.

"नळाखाली. अगदी लख्ख करते."

"तिथंच चुकतंय. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू फिल्टरमध्येच वाढतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. थांब, मी येतो."

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने पुण्याला आले. मांडीवरच्या डब्यात, त्यांच्या टाकीच्याच पाण्यात बुडवलेले शिंपल्यांचे तुकडे होते. घरच्या फिल्टरमधले, त्या जिवाणूंनी भरलेले. सव्वीस वर्षांपूर्वी आईने किनाऱ्यावर वेचलेले. परसात बसून ती ते हलक्या हाताने खळबळून काढायची आणि छोटी मृण्मयी तांब्याने टाकीतलं पाणी ओतायची.

मृण्मयीने तुकडे आपल्या फिल्टरमध्ये भरले. हातांना परसातला तो खारट वास आला आणि आई गेल्यानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा तिला मोकळेपणाने रडू आलं.

महिन्याभराने तिने फोन केला. "नवीन मासा छान खातोय. पण बाबा, तुमचा फिल्टर रिकामा झाला ना?"

"निम्मेच आणले होते," बाबा म्हणाले. "सगळे काढवेनात."